नाचणी खाऊच, पण वजन कोण उचलणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत गोळ्या-औषधांशिवाय हाडं मजबूत कशी करायची यावर अर्धं पान लेख होता. दूध प्या, नाचणी खा, तीळ खा, भिजवलेले बदाम खा, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसा, रोज चाला आणि योगासनं करा. सोबत दुधाचा ग्लास हातात घेतलेल्या हसऱ्या आजींचा फोटो. लेख वाईट होता असं नाही म्हणत मी, पण हे असले लेख मी गेली कित्येक वर्षं वाचतेय आणि प्रत्येक वेळी यादी तीच असते, फक्त आजी बदलतात. मी साठी ओलांडलेली, बँकेतून रिटायर झालेली बाई आहे, डॉक्टर नाही, पण मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या मानानं हाडांची घनता किती ते सांगणारा आकडा, उणे दोनच्या आसपास निघाल्यापासून या विषयात जरा जास्तच डोकं घातलंय, म्हणून हे लांबलचक पत्र. कापून छापलंत तरी चालेल, फक्त वजन उचलण्याचा भाग कापू नका!

कारण आपल्याकडे नैसर्गिक उपाय म्हटलं की लगेच खाण्याचाच विषय निघतो. हाडाला खायला घातलं की ते आपोआप भरतं असं सगळे धरूनच चाललेत. प्रत्यक्षात हाडात दोन टोळ्या कायम कामाला असतात, एक जुनं हाड खणून काढते आणि दुसरी तिथं नवीन भरते, अगदी आपल्या महानगरपालिकेच्या रस्त्यांसारखं. तिशीपर्यंत भरणारे जोरात असतात, पुढे बरीच वर्षं साधारण बरोबरी चालते, आणि पाळी गेली की एस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि खणणारे मोकाट सुटतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत काही बायकांची वीस टक्क्यांपर्यंत घनता जाऊ शकते. आता कॅल्शियम म्हणजे खडी आणि डांबर. ते नसेल तर काम होणारच नाही हे खरं, पण नुसते खडीचे ढीग आणून टाकले म्हणून रस्ता झालाय असं कुठे बघितलंय का तुम्ही? भरणाऱ्यांना वर्क ऑर्डर निघावी लागते, आणि हाडांच्या बाबतीत ती ऑर्डर निघते हाडावर पडणाऱ्या ताणातून. हाडाच्या आत रुतलेल्या पेशी असतात, त्यांना हाड किंचित दबतंय, वाकतंय हे कळतं आणि मग त्या भरणाऱ्यांना कामाला लावतात.

हे काही नवीन संशोधन नाही हो. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जननं १८९२ मध्येच लिहून ठेवलंय की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हातातलं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि अंतराळात राहणाऱ्यांच्या कंबरेच्या, खुब्याच्या हाडांची घनता दर महिन्याला एक-दीड टक्क्यापर्यंत कमी होते, तिथं त्यांना खाण्यापिण्याची काय कमी असते का, भारच नसतो. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम पण हाडाला त्यातून फारसं काही मिळत नाही तेही याचमुळे, पाणी आणि सीट आपलं वजन घेतात ना.

आणि चालणं. यावर लोक माझ्यावर चिडतात, पण सांगते. सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालण्यानं शुगर, बीपी, मन सगळ्याला फायदा होतो, हाडांची झीज थोडी धीमी होत असेल, पण घनता वाढायला ते पुरत नाही. हाडाला रोजच्यापेक्षा वेगळा, जास्त भार लागतो. आयुष्यभर चालत आलेल्या बाईच्या हाडाला अजून थोडं चालणं म्हणजे काहीच नवीन नाही.

मग काय पुरतं, तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, लिफ्टमोर नावानं तो ओळखला जातो. हाडांची घनता कमी झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. निम्म्या बायकांना घरी करायचे हलके व्यायाम दिले, आणि निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चक्क जड वजनं उचलायला लावली, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन उठाबशा, डोक्यावर वजन ढकलणं आणि बारला लटकून खाली उडी. सुरुवात हलक्यापासून आणि पूर्ण वेळ शिकवणारा समोर उभा. आठ महिन्यांनी वजनवाल्या बायकांच्या मणक्याची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली आणि हलक्या व्यायामवाल्यांची १.२ टक्क्यांनी घटली. दुखापत म्हणाल तर एका बाईची पाठ थोडी धरली होती, तेवढंच. साधारण तीन टक्के म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण ज्या वयात सगळ्यांचं कमीच होत असतं तिथं अधिकचं चिन्ह येणं हीच बातमी आहे, आणि ही बातमी आपल्या पुरवण्यांमध्ये का येत नाही कळत नाही मला.

हे वाचून मी जवळच्याच एका जिममध्ये गेले. तिथला ट्रेनर पंचविशीचा, नम्र मुलगा, त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि "काकू, तुम्हाला हे बास" म्हणून गुलाबी रंगाचं अर्ध्या किलोचं डंबेल हातात दिलं. अर्धा किलो! माझ्या पर्सचं वजन त्याहून जास्त असतं, दळणाचा दहा किलोचा डबा मी गिरणीतून आणते, नातू कडेवर घेते तो चौदा किलोचा आहे, आणि याला वाटतंय काकू मोडतील. त्याचीही चूक नाही म्हणा, त्याला कुणी शिकवलेलंच नाही की पन्नाशी-साठीच्या बाईला वजनाची गरज तिच्या मुलापेक्षा जास्त आहे.

शेवटी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी मिळाली. तिनं पहिल्यांदा वजन हातात दिलंच नाही, झाडूचा दांडा पाठीला उभा लावायला सांगितला. डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तीन ठिकाणी दांडा टेकलेला राहिला पाहिजे, आणि तसा टेकलेला ठेवूनच बूड मागे ढकलत, गुडघे थोडे सैल सोडत वाकायचं. करून बघा, वाटतं तेवढं सोपं नाही. दांडा मधूनच सुटतो, म्हणजे तिथं पाठ गोल झाली. ते जमल्यावर चार किलो, मग आठ, असं करत आता मी वीस किलोचा बार जमिनीवरून उचलते, आणि आमच्या घरात सिलिंडर सरकवायला कुणाला हाक मारावी लागत नाही. हाडांचं काय झालं ते पुढच्या डेक्साला, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीला कळेल, पण खुर्चीतून उठताना हात टेकणं बंद झालंय हे मला रोज दिसतंय. खुब्याचं हाड मोडतं ते बहुतेक वेळा पडल्यामुळे, तेव्हा पायात ताकद आणि तोल असणं हा निम्मा उपाय तिथंच झाला.

आता यावर हमखास येणारं वाक्य, "आमच्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी ओढायच्या, त्यांना कुठं होतं असलं काही". थोडं खरं आहे त्यात, भार होता. पण कंबरेत वाकलेल्या, पोक आलेल्या म्हाताऱ्या आपण गावोगाव बघितल्यात की, ते पोक नुसत्या वयाचं नव्हतं, त्यातल्या कितीतरी जणींचे मणके आतून दबलेले असणार, फक्त तेव्हा एक्स-रे कोण काढत होतं. आणि भारच सगळं करतो असं म्हणणाऱ्यांनी आपल्या ऊसतोड बायकांकडे बघावं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बायका त्या, वजन उचलण्यात त्यांचा हात कोण धरणार. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या याच बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा विषय गाजला, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विशी-तिशीत ऑपरेशन झालेल्या बायका होत्या त्यात. गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं की पाळी जायची वाट बघावी लागत नाही, एस्ट्रोजेन त्या दिवसापासून संपतं, आणि अंडाशय ठेवलं तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येतं. वरून पोटाला धड दूध नाही, डाळ नाही, आराम नाही. त्यांना आपण काय सांगणार, वजन उचला म्हणून? त्यांच्या गावातल्या आरोग्य केंद्रात हाडांची तपासणी कोण करतं हा प्रश्न तुमच्या पेपरनं लावून धरला तर बरं होईल. नैसर्गिक उपायाचे लेख लिहिताना आपण शहरातल्या, दोन वेळ जेवणाऱ्या, बसून काम करणाऱ्या बायकांसाठी लिहितोय हे तरी लक्षात ठेवलं पाहिजे, मी पण त्यातलीच.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहिते कारण ते सगळ्यांनी लिहिलंय, पण आकडे कुणी देत नाही. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी कॅल्शियमचं रोजचं प्रमाण १००० मिलिग्रॅम केलं, आधी ते ६०० होतं, आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी १२०० आहे. आता आपलं नेहमीचं ताट बघा, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी-भात आणि दोन वेळचा चहा. यात चारशेच्या वर जाणं अवघड. ताटात एक वाटी दही घातलं की दीडशे-पावणेदोनशे वाढतात, पोळीऐवजी एक मध्यम नाचणीची भाकरी म्हणजे जवळपास दोनशे, कारण नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं, दोन चमचे तिळाची चटणी म्हणजे शंभर एक, आणि ग्लासभर दूध सव्वादोनशे-अडीचशे. झालं की नाही हजाराच्या वर, डबेवाली महागडी पावडर न घेता. नाचणी मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करण्याची आपली जुनी पद्धत अजूनच चांगली कारण मोड आल्यावर कॅल्शियम अडवणारे घटक कमी होतात. पालकाचं कौतुक मात्र पुरे करा, त्यात कॅल्शियम आहे पण ते अडवणारं ऑक्झलेट इतकं की अंगाला लागतं जेमतेम, त्यापेक्षा मेथी, शेवग्याचा पाला घ्या. मासे खाणाऱ्यांनी मांदेली, जवळा, सुकट हे काट्यासकट, सालासकट पोटात जाणारे प्रकार सोडू नयेत, पापलेटच्या तुकड्यात ते नाही.

आणि प्रोटीन! हाडाचा सांगाडाच प्रोटीनचा असतो, त्यावर कॅल्शियम बसतं. साठीनंतर बायका रात्री नुसता चहा-खारी किंवा दूध-पोहे खाऊन झोपतात, "हलकं बरं पडतं" म्हणून, ते हलकं खाणं स्नायूंना आणि हाडांना दोघांना महागात पडतं. डाळ, उसळ, अंडं, पनीर, मासे, जे चालत असेल ते पण रोज आणि दोन्ही वेळेला. डिंकाच्या लाडवांबद्दल विचाराल तर आवडीनं खा, खोबरं, खारीक, अळीव चांगलेच आहेत, पण डिंकानं हाडं चिकटतात वगैरे काही नाही.

उन्हाचं मात्र स्पष्ट लिहायलाच हवं कारण सगळीकडे चुकीचं छापून येतं. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला छान लागतं, व्हिटॅमिन डी त्यातून नगण्य मिळतं. ज्या किरणांनी डी तयार होतं ते सूर्य वर आल्यावरच खाली पोचतात, आपल्याकडे साधारण अकरा ते दोन-अडीच. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली पाहिजे. हात, पाय, चेहरा उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चारदा वीस-तीस मिनिटं, काळ्या-सावळ्या रंगाला जरा जास्त, मे महिन्यात अर्थातच अक्कल वापरून. काचेच्या गॅलरीत बसून काही होत नाही, काच ते किरण अडवते. आणि आपल्या मुली तर स्कूटीवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे, गॉगल घालून निघतात, डोळेसुद्धा दिसत नाहीत, भर उन्हाच्या देशात डी कमी निघतं यात नवल काय. तपासणीत फारच कमी निघालं तर ऊन पुरत नाही, डॉक्टरांनी दिलेलं घ्यावंच, पण साठ हजार युनिटची डीची पुडी किंवा गोळी "आठवड्याला एक" म्हणून सुरू केली आणि वर्षानुवर्षं चालूच ठेवली असे लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून उलटाच त्रास होतो. थांबायचं कधी तेही विचारून घ्या.

काय थांबवायचं याबद्दलही पुरवणीत चकार शब्द नव्हता. आपल्याकडे किती बायका मिश्री लावतात, दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार-चार वेळा, तो तंबाखूच आहे आणि तंबाखू हाडांचा वैरी. लोणचं-पापड, फरसाणमधलं जास्तीचं मीठ लघवीवाटे कॅल्शियम घेऊन जातं. अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं स्वतःच्या मनानं घेणं, तेही हाडांना मानवत नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे बाजाराच्या दिवशी मिळणारी सांधेदुखीची पुडी, घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो, अशा कित्येक पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय, आणि स्टेरॉइड हाडं जेवढी पटकन पोखरतं तेवढं क्वचितच दुसरं काही. नैसर्गिक, जडीबुटी असं पाकिटावर लिहिलं की लोक डोळे मिटून घेतात.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मध्यंतरी फ्री हाडांची तपासणी होती, यंत्रात टाच ठेवायची, दोन मिनिटांत लाल पट्ट्याचा कागद हातात, आणि शेजारच्याच टेबलावर पावडरचे डबे विकायला. टाचेची सोनोग्राफी म्हणजे फार तर इशारा, त्यावरून निदान होत नाही. खरी तपासणी डेक्सा, मणका आणि खुब्याची. टी-स्कोअर उणे एकच्या वर नॉर्मल, उणे एक ते उणे अडीच मधली पायरी म्हणजे ऑस्टिओपेनिया, आणि उणे अडीच किंवा खाली ऑस्टिओपोरोसिस. परत करायची तर वर्ष-दोन वर्षांनी आणि त्याच मशीनवर, कारण दोन मशीनमधला फरकच कधी कधी तुमच्या सुधारणेपेक्षा मोठा असतो. "तीन महिन्यांत टी-स्कोअर नॉर्मल झाला" असं जो सांगतो तो काहीतरी विकतोय असं समजा. हाडाच्या एका जागेची खोदाई-भराई पूर्ण व्हायलाच काही महिने लागतात.

आणि हेही लिहा की व्यायाम-आहारानं उणे साडेतीनचं उणे एक होत नाही. साधं उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं असेल, उंची दीड इंच कमी झाली असेल, पाठीत अचानक कळ येऊन मणका दबलेला निघाला असेल तर औषधाला नाही म्हणू नका. ती औषधं फ्रॅक्चर कमी करतात हे चांगलं सिद्ध झालेलं आहे, जबड्याचं हाड खराब होण्याच्या ज्या साइड इफेक्टला सगळे घाबरतात तो हाडांसाठीच्या या डोसला फार क्वचित होतो. माझ्या डॉक्टरांनी मला सध्या औषध नको म्हटलंय, पुढे लागलं तर मी घेणार आणि वजनंही उचलणार, दोन्हीत भांडण कुठे आहे?

महानगरपालिकेला एक विनंती तुमच्यामार्फत. प्रत्येक बागेत ओपन जिम बसवलंय, छान आहे, पण त्यातली निम्मी यंत्रं नुसती झुलायची आहेत, भार वाढवायची सोयच नाही. त्यापेक्षा वेगवेगळ्या उंचीच्या चार भक्कम पायऱ्या, लटकायला एक बार, पाच-दहा-पंधरा किलोच्या वाळूच्या पिशव्या आणि आठवड्यातून दोन सकाळी एक शिकवणारी फिजिओ एवढं केलं तर खर्च त्या यंत्रांपेक्षा कमी येईल असा माझा अंदाज आहे. बायका येतील. आमच्या बागेत लाफ्टर क्लबला चाळीस जणी येतात.

आणि तुमच्या पुरवणीला विनंती, त्या लेखातली एक गोष्ट मात्र पुढच्या अंकात दुरुस्त कराच. हाडं ठिसूळ झालेल्यांसाठी म्हणून दिलेल्या आसनांत पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन ही पूर्ण पुढे वाकायची आसनं होती. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ मध्येच दिसलं होतं, मणके ठिसूळ असलेल्या बायकांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींचे मणके आणखी दबले, आणि पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के. छोटाच अभ्यास होता, पण आजही तज्ज्ञ तेच सांगतात. धडधाकट माणसानं सूर्यनमस्कार खुशाल घालावेत, पण टी-स्कोअर खाली असलेल्यांनी पूर्ण पुढे वाकणं, पोटाचे सिट-अप आणि झटक्यानं कंबर वळवणं टाळून भुजंगासन, शलभासन अशी पाठ मागे ताणणारी आसनं झेपतील तेवढी, शिकवणाऱ्याला विचारून करावीत. तुमचा पेपर वाचून उद्या सकाळी सतरंजी टाकून पायाची बोटं धरायला वाकणाऱ्या कितीतरी बायका असतील, त्यांच्यासाठी ही दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टाइपात यावी.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक